चार वेळा ‘लाइन ओके’

मेलेली लाइन दुरुस्त करायला फार अक्कल लागत नाही. वायर तुटली, पोल पडला, उंदरानं केबल खाल्ली, की माणूस जातो, जोडतो, चहा पितो, परत येतो. खरी परीक्षा असते ती येऊन-जाऊन चालणाऱ्या लाइनीत. दिवसातून सहा वेळा जाते, सहा वेळा येते, आणि तुम्ही शिडी घेऊन दारात उभे राहिलात की शहाण्या मुलासारखी गप चालू असते. ग्राहक म्हणतो, "अहो, आत्ता नव्हती हो, आईशप्पथ." आपण म्हणतो, "आता आहे ना?" यानंतर दोघांपैकी कोणीतरी एक खोटा ठरतो, आणि ज्याच्या हातात शिडी असते तो सहसा ठरत नाही.

मी भिसेगावात राहतो. आधी तांब्याच्या तारांवर टेलिफोनचा लाइनमन होतो. घरोघरचे फोन मुके झाले तेव्हा कर्जतमधल्याच एका इंटरनेटवाल्या शेठकडे फायबर ओढायला लागलो. गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून दोन वर्षांमागे शिडी सोडली. अंकासाठी अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "लिहा, पण सगळे पराक्रमच लिहू नका. ते आम्ही ऐकलेत." म्हणून एक पराक्रम लिहितो आणि मग दुसरं काय ते लिहितो.

त्याआधी फायबर म्हणजे काय ते सांगतो, कंटाळू नका. केसाएवढी काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. घरात तारेच्या टोकाला एक डबा असतो. त्याला पुरेसा उजेड मिळाला की हिरवा दिवा, नाही मिळाला की लाल. उजेड किती येतो ते मोजायचं मीटर आमच्या पिशवीत असतं. आकडा वजा वीसच्या आसपास असला की उत्तम. वजा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली घसरला की डबा आंधळा होतो, आणि एकदा आंधळा झाला की उजेड परत आला तरी त्याला सावरायला मिनिटभर जातं. काचेच्या या तारेचं एकच दुखणं, तिला मोड सोसत नाही. उन्हात टाका, पाण्यात टाका, चालेल. पण कुठे कचकन दाबली गेली की उजेड तिथेच सांडतो. माथेरानला गाड्या नाहीत म्हणून आम्ही केबलचा ड्रम घोड्यावरून वर नेला होता. वळणावळणाला मी त्या घोडेवाल्याला सांगत होतो, सांभाळून रे, मोडेल. शेवटी तो वैतागला. म्हणाला, "मामा, माज्या घोड्याला वळणं कळतात. तुमच्या वायरीला नाय कळत तर तिला आणली कशाला?"

आता पराक्रम. खोपोलीत शिळफाट्यावर रशीदभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. मूळचे खाडीकडचे, पण तीन पिढ्या इथेच. माणूस मोठा मिश्किल. त्यांचा फोन आला, "मास्तर, तुमचा नेट रोज दीडला जेवायला जातो आणि तीनला ढेकर देत परत येतो. त्याला सांगा, गिऱ्हाईक पैसे पाठवायला उभा असतो, डबा दुकानात आणून खा." आमची पोरं दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा सकाळी. सगळं ठीक. मग मी माझा डबा घेऊन एक वाजता त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसलो. बरोबर दीडला वरच्या माळ्यावरचा टेलर खाली आला, जिन्यातल्या बोर्डाचा मेन स्विच खाली ओढला आणि घरी जेवायला गेला. मागे कधीतरी त्याची इस्त्री चालू राहून कापड जळालं होतं, तेव्हापासूनची त्याची शिस्त. त्याच बोर्डावर आमच्या माणसानं त्या ओळीतल्या दुकानांच्या नेटच्या डब्याची वीज जोडून ठेवलेली. एक वायर हलवली, संपलं. रशीदभाई म्हणाले, "म्हणजे नेट नाय, टेलर जेवायला जात होता."

तेव्हापासून मी शेठच्या ऑफिसात नव्या-जुन्या सगळ्यांना ऐकवायचो, फॉल्टच्या वेळेला फॉल्टच्या जागी जाऊन बसायचं, ग्राहक जे बोलतो ते खरं धरून चालायचं. ऐकवायला काय जातं? ज्या वर्षी मी हे मान ताठ करून ऐकवत होतो, त्याच वर्षी पुढची गोष्ट माझ्या हातून घडली.

कर्जतहून चौककडे जाताना डावीकडे आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, घर ओळखू येईल. माणसांची नावंही बदलली आहेत. घर भात पिकवणाऱ्यांचं, आता स्लॅबचं, पुढे ऐसपैस ओटी, खाली चकचकीत लाद्या. घरात सत्तरीचे तात्या, त्यांची बायको म्हणजे काकू, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा महेश. तो खालापूरच्या एका कारखान्यात आहे, सकाळी जातो तो साडेसहाला परततो. मे महिन्यात महेशचं लग्न निघालं. मुलगी नेरळची, अश्विनी. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्याचं काम ती घरी बसून करायची. पेशंटचे फोन यायचे, ती कानाला हेडफोन लावून त्यांना डॉक्टरांची वेळ द्यायची, कुठला रिपोर्ट आणायचा ते सांगायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. लग्न ठरताना तिनं एवढंच मागितलं होतं, की नोकरी सोडणार नाही, आणि मी घरात यायच्या आधी घरात लाइन लागलेली हवी.

लग्नाच्या चार दिवस आधी मी लाइन टाकायला गेलो तेव्हा तात्यांनी हसत हसत सांगितलं, "आमच्या टायमाला पोरीचा बाप इचारायचा, घरात पान्याची हीर हाय का. आता पोरगी इचारते नेट हाय का. टाका बाबा, चांगली टाका."

घर नुकतंच रंगवलेलं. काकू माझ्या मागे मागे फिरत होत्या. "भाऊ, भितीला खिलं नका मारू हां. परवाच रंग मारलाय. पावनी येनार." आता वायर बाहेरून आणायची, ओटी ओलांडायची, आतल्या खोलीत न्यायची, आणि खिळा मारायचा नाही. मी वर बघितलं. ओटीच्या स्लॅबला दोन जाडजूड लोखंडी कड्या ओतलेल्या होत्या, रिकाम्या. म्हटलं, वा, देवच पावला. त्यातल्या एका कडीतून वायर ओवली, पलीकडे झरोक्यातून आत घेतली. कुठे खिळा नाही, कुठे डाग नाही. काकू खूश. मीटर लावून बघितलं तर वजा एकोणीस. माझ्या हातची लाइन अशीच असते, असं मी मनात म्हणालो. ते अजून आठवतं आणि अंगावर काटा येतो.

लग्न झालं, अश्विनी घरात आली, आणि जूनपासून तक्रारी सुरू झाल्या. बोलता बोलता फोन तुटतो, लाल दिवा लागतो, मिनिटभरानं येतो, पुन्हा जातो. मी गेलो. तात्या ओटीवर झोपाळ्यावर बसलेले होते, मला बघून उठले. "या या, लायनमन, बसा." मला खुर्ची दिली, काकूंना चहाला सांगितलं, आणि मी आत डबा बघायला गेलो तर दाराशी येऊन उभे राहिले. डबा हिरवा. मीटर लावलं, वजा एकोणीस. बाहेर जाऊन पोलावरचा जोड बघितला, चोख. अश्विनी म्हणाली, "काका, आत्ता दहा मिनिटांपूर्वी दोनदा गेला होता." मी म्हटलं, "असेल, मागून कुठेतरी असेल. आता लाइन ओके आहे."

आमच्याकडे तक्रार बंद करायची एक पद्धत आहे. ग्राहकाच्या मोबाइलवर चार आकडे येतात. ते त्यानं आपल्याला सांगायचे, आपण आपल्या मोबाइलमध्ये टाकायचे, की तक्रार बंद. खाली कारण लिहायचं. म्हणजे ज्याची तक्रार, त्याच्याच तोंडून ती मिटवून घ्यायची. तिनं आकडे सांगितले. मी लिहिलं, लाइन ओके, फॉल्ट नाही.

असं चार वेळा झालं. दर वेळी तात्या उठायचे, खुर्ची, चहा, हिरवा दिवा, वजा एकोणीस. दुसऱ्या खेपेला मी डबा बदलला. तिसऱ्या खेपेला टोकाची पिन बदलली. पोल तपासला, टोक तपासलं, मधली वायर तपासली नाही. ती मी स्वतः टाकलेली होती ना. स्वतःच्या हातचं कोण तपासतो?

तिसऱ्या खेपेला तिनं माझ्यापुढे एक वही धरली. लाइन कधी गेली, कधी आली, तारीखवार, वेळेवार. "काका, हे एकदा बघता का?" मी वही हातातसुद्धा घेतली नाही. म्हटलं, "ताई, नोंदी ठेवून लाइन सुधारत नाही. तुमचा लॅपटॉप एकदा दाखवून घ्या." काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे बघितलं. मला ते दिसलं आणि मी शिडी उचलून निघालो.

चौथ्या खेपेला महेशची सुट्टी होती. त्याच्या बायकोला कामावरून दोन ताकिदी आल्या होत्या. पेशंट मध्येच तुटतात, पुन्हा फोन करतात, आरडाओरडा करतात, आणि सगळं तिच्या नावावर. तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "काका, खरं सांगा, लाइनीत काय हाय का? मी संध्याकाळी घरी असतो तेवा तर मस्त चालते. एकदाबी गेली नाय." मी गाडीला किक मारता मारता म्हणालो, "लाइनीत काय नाय रं. नवी नवरी हाय, लक्ष माहेरी असंल. कामात चुकलं की सगळेच लाइनीवर ढकलतात. आमची पोरगी परीक्षेत नापास झाली की पेनावर ढकलायची." आम्ही दोघंही हसलो.

बस, एवढंच. दोन-चार वाक्यं. गाडी सुरू झाली आणि मी ती विसरलोसुद्धा. तो विसरला नाही.

गणपती झाले, पंधरवडा सुरू झाला. पाचवी तक्रार आली. सोबत ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं की त्या ताईंच्या कंपनीनं आपल्याकडून लेखी मागितलं होतं, लाइनीत दोष होता का म्हणून. आपण आधीच्या चारही तक्रारींची छापील प्रत पाठवून दिली. मी विचारलं, "त्यात काय लिहिलंय?" ती म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय ना काका. फॉल्ट नाही, फॉल्ट नाही, फॉल्ट नाही, फॉल्ट नाही." शुक्रवारपर्यंत तिला कंपनीला उत्तर द्यायचं होतं. मी गुरुवारी दुपारी पोचलो.

तात्या झोपाळ्यावरच होते, पण या वेळी उठले नाहीत. बांधावरून पाय घसरून घोटा मोडला होता, पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टरचा पाय फळीवर लांब केलेला, दुसऱ्या पायानं खाली रेटा देत हळूहळू झोका घेत होते. फार ओशाळले. "माफ करा लायनमन, उठवत नाय. तुमी बसा." काकू दारात आल्या. त्यांचा चेहरा पडलेला. म्हणाल्या, "आता कशाला आलाव भाऊ? तिनं सकालीच राजीनामा धाडला."

मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत वेळ होता ना?"

"ती बोलली, उद्या काडून टाकतील त्यापरीस आज आपनच सोडलेली बरी."

अश्विनी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. टेबलावर हेडफोन गुंडाळून ठेवलेला. एरवी काम चालू असताना त्या खोलीचं दार घट्ट लावलेलं असायचं, बाहेरचा आवाज पेशंटला जाऊ नये म्हणून. आज सताड उघडं होतं. ती मला म्हणाली, "बघा काका, तुम्हाला बघायचं असेल तर. आता काही घाई नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

मी वायर काढून मीटरला लावली. वजा एकोणीस. मग वजा तीस. मग वजा एकोणीस. मग वजा एकतीस. मला वाटलं मीटर बिघडलं. बॅटरी बघितली, पिन पुसली. एकोणीस, तीस, एकोणीस, तीस. आणि उघड्या दारातून आवाज येत होता, कर्र... कर्र... कर्र. दोन्हीची लय एकच आहे हे कळायला मला किती वेळ लागला ते सांगवत नाही.

"तात्या," मी आतूनच ओरडलो, "जरा थांबा." कर्र थांबलं. आकडा एकोणीसवर येऊन बसला. "आता घ्या झोका." आकडा तीस.

मी बाहेर येऊन वर बघितलं. साखळ्यांना लग्नातल्या प्लास्टिकच्या फुलांच्या माळा थेट स्लॅबपर्यंत गुंडाळलेल्या होत्या. माळ बाजूला केली. ज्या रिकाम्या कडीतून मी वायर ओवली होती, त्याच कडीत झोपाळ्याच्या साखळीचा हूक अडकवलेला. झोका मागे गेला की हूक सरकत होता आणि माझी वायर लोखंडावर चिमटत होता.

आमच्या भागात लग्नघरात ओटीवरचा झोपाळा उतरवून ठेवतात, पंगतीला जागा लागते म्हणून. मी परका नाही. माझ्या लग्नात आमच्या घरचा झोपाळा चार दिवस गोठ्यात उभा होता. ओटीच्या स्लॅबला दोन रिकाम्या कड्या दिसल्या तर त्या कशाच्या, हे इथल्या शेंबड्या पोराला कळेल. मला कळलं नाही, कारण मी खिळा वाचवण्यात दंग होतो. लग्नानंतर महेशनं झोपाळा पुन्हा टांगला, वायरीला धक्का लागू नये म्हणून ती हळूच कडीच्या कडेला सारली. त्या घरात सगळ्यांनी माझी वायर जपली होती.

आणि मी आलो की फॉल्ट का दिसायचा नाही? कारण तात्या उठायचे. पाहुणा उभा असताना आपण झोका घेत बसायचं नाही, ही रीत. मी अर्धा तास असलो तर अर्धा तास झोपाळा स्थिर. मी गेलो की तात्या पुन्हा बसायचे. दुपारी जेवून झोपायचे तेव्हा लाइन ठीक. संध्याकाळी मारुतीच्या पारावर जायचे, महेश घरी यायचा तेव्हा लाइन ठीक.

मी अश्विनीला बाहेर बोलावलं. सांगितलं, दाखवलं. तार पुन्हा डब्याला लावली, तात्यांना झोका घ्यायला सांगितला, लाल दिवा लागला. थांबायला सांगितलं, मिनिटभरानं हिरवा. तिनं तीन वेळा करून बघायला लावलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही चार वेळा सांगितलंत लाइन ओके आहे. तुम्ही जुने माणूस. मला वाटायला लागलं, मीच चुकून कुठलं तरी बटण दाबतेय. शेवटी शेवटी तर मी हात मांडीवर ठेवून फोन घ्यायचे."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला जमत नाही. लाज वाटली, एवढंच.

तात्यांनी खालचा पाय उचलून फळीवर घेतला. "म्हंजी माज्या झोक्यानं सुनेची नोकरी खाल्ली?"

"झोक्यानं नाही तात्या. माझ्या वायरीनं."

"झोका मीच घेत होतो ना," ते म्हणाले, आणि काकूंचा हात धरून लंगडत खुर्चीवर जाऊन बसले.

नोकरी परत मिळाली नाही, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे कोणी आशा धरून पुढे वाचू नये. तिची जागा भरली गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिला दुसरीकडे काम लागलं, पण ते पुढचं. त्या दुपारी कोणालाच यातलं काही माहीत नव्हतं.

मी शिडी लावली. दोन क्लिपा आणि दहा मिनिटांचं काम. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर अश्विनी म्हणाली, "काका, आत्ता नका काढू."

मी खाली बघितलं.

"हे साडेसहाला येतात," ती म्हणाली. "तोपर्यंत थांबाल? त्यांना दाखवा. मी सांगून उपयोग नाही."

काकू म्हणाल्या, "अगं, त्यांना दुसरी कामं असतील. आमी सांगू ना महेशला."

"नको आई," ती म्हणाली. "त्यांनी बघायला पाहिजे."

मी शिडी उतरवली. दीड वाजला होता. चाळीस वर्षांत असं कधी केलं नाही. सापडलेला फॉल्ट लाइनमनच्या हाताला गप्प बसू देत नाही, बोटं शिवशिवतात. मी पाच तास त्याच्याखाली बसून राहिलो. ऑफिसातून फोन आला, "काका, कुठे आहात? पळसदरीची तक्रार पडली आहे." मी म्हटलं, "फॉल्टवर आहे." दुसऱ्यांदा शेठचा आला. त्यालाही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा उचलला नाही.

काकूंनी जेवायला वाढलं. भात आणि वालाचं बिरडं. तात्या खुर्चीतून हलले नाहीत, झोपाळ्याकडे बघतसुद्धा नव्हते. जेवल्यावर मी वही मागितली. अश्विनीनं आणून दिली आणि आत गेली. जून ते सप्टेंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. दुपारी एक ते चार, कधीच नाही. आठवड्यातून एक दिवस संपूर्ण कोरा, बाजूला लिहिलेलं, आज गेली नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तो कर्जतच्या बाजाराचा दिवस, तात्या सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. तिसऱ्या खेपेला मी पाच मिनिटं ती वही वाचली असती तर तिथेच उलगडलं असतं. रशीदभाईंच्या बाकड्यावर डबा खाणारा मीच तो.

तिच्याकडूनच एक कागद घेतला आणि ओटीवर बसून तिच्या कंपनीला पत्र लिहिलं. या घरातली लाइन मी स्वतः टाकली. चुकीच्या जागी टाकली. चार वेळा लाइन ठीक आहे असं लिहिलं, ते चारही वेळा चूक होतं. यात ताईंची काही चूक नाही. खाली सही, पूर्ण नाव, मोबाइल नंबर. शेठनं नंतर माझी खूप तासली, असं लिहून देतात का म्हणून. द्यायला पाहिजे होतं ते जूनमध्ये, मी म्हटलं. त्यानंतर मी तक्रार बंद करताना ‘फॉल्ट नाही’ असं कधी लिहिलं नाही. ‘मला सापडला नाही’ असं लिहायचो. ऑफिसातली मुलगी म्हणायची, काका, हे बरं दिसत नाही. नसेल दिसत.

साडेसहा वाजून गेल्यावर महेशची गाडी वाजली. तो हेल्मेट काढत ओटीवर आला, मला बघितलं, शिडी बघितली. "काय काका, अजून चालूच हाय का?"

मी उभा राहिलो. दिवसभर मनात वाक्य जुळवत होतो, ऐन वेळेला एकही नीट आलं नाही. म्हटलं, "महेश, त्या दिवशी रस्त्यावर मी तुला तुझ्या बायकोबद्दल जे बोललो, ते खोटं बोललो. काही माहीत नसताना बोललो. चूक लाइनीत होती, आणि लाइन मी टाकली होती." अश्विनी आतल्या दारात उभी होती. मी काय बोललो होतो ते तिला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"तात्या, बसा झोपाळ्यावर," मी म्हटलं.

तात्या मान हलवायला लागले. "मी नाय बसनार. महेश, तूच बस."

महेश बुटांसकट झोपाळ्यावर बसला. दार उघडं होतं, आत टेबलावरचा डबा ओटीवरून दिसत होता. त्यानं पायानं रेटा दिला. लाल दिवा. पाय टेकून झोपाळा थांबवला. आम्ही पाचही जण त्या डब्याकडे बघत होतो, हिरवा होईपर्यंत. त्यानं पुन्हा झोका घेतला. लाल. पुन्हा थांबवला. तिसऱ्या वेळेला त्यानं झोका घेतला नाही, नुसता साखळी धरून बसून राहिला. वर कडीकडे बघत होता. ती वायर त्यानंच कडेला सारली होती.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

अश्विनीनं त्याला विचारलं नाही, काय वाटलं म्हणून. ती पुढे आली, माझी शिडी भिंतीवरून उचलून कडीखाली आणून लावली, आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"चढा काका," ती म्हणाली, "आता काढा ती वायर."